कोयत्याचा धनी कोण?

दसरा-दिवाळी उलटली की बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावे रिकामी होऊ लागतात. बीड जिल्ह्यातील पाटोदा, आष्टी, शिरूर, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतून, शेजारच्या पाथर्डीतून आणि जालना, परभणी, धाराशिव या जिल्ह्यांच्या कोरडवाहू भागातून ट्रक-ट्रॅक्टर भरून माणसे बाहेर पडतात. त्यांतील काही कोल्हापूर, सांगली, सातारा, पुणे, सोलापूर येथील साखर कारखान्यांकडे जातात; काही राज्याची सीमा ओलांडून बेळगाव, बागलकोट, विजापूरच्या फडांत उतरतात. त्याच सुमारास धुळे-नंदुरबारकडील आदिवासी कुटुंबे आणि डांगमधील त्यांचे भाईबंद बारडोली, चलथाण, मढीच्या वाटेला लागलेले असतात. महाराष्ट्र, कर्नाटक आणि गुजरात ही राज्ये नकाशावर तीन असली, तरी ऊसतोडीच्या दृष्टीने तो एकच सलग मुलूख आहे. मजूर तोच, हत्यार तेच, आगाऊ पैसे देऊन माणूस बांधून घेण्याची रीतही बव्हंशी तीच. वेगळ्या आहेत त्या कचेऱ्या, आणि वेगळ्या आहेत त्या जबाबदारी झटकण्याच्या तऱ्हा.

या मुलखातील मजुराचे हक्क कोणते, हा प्रश्न आज नव्याने विचारण्यास कारण घडले आहे. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी देशात चार कामगार संहिता अमलात आल्या आणि २९ केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. स्थलांतरित मजुरांसाठी म्हणून खास झालेला १९७९चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा आणि कंत्राटी कामगारांविषयीचा १९७०चा कायदा हे दोन्ही त्या ओघात इतिहासजमा झाले. जुने गेले याचे दुःख करण्याचे कारण नाही. कारण ऊसतोडणी मजुराला त्या कायद्यांचा लाभ कागदाबाहेर क्वचितच झाला. प्रश्न असा आहे की, जुन्या कायद्यांच्या अपयशाचे जे कारण होते, ते नव्या संहितेत दूर झाले आहे काय? संहितेचे कलमवार वाचन केले असता या प्रश्नाचे उत्तर नकारार्थी द्यावे लागते.

हे कारण दुहेरी आहे. कामगार कायदा कोणाही मजुराला हक्क देण्यापूर्वी दोन गोष्टी विचारतो. तू स्थलांतरित आहेस काय? आणि तुझा मालक कोण? ऊसतोडणी मजुराची अडचण अशी की, या दोन्ही प्रश्नांना त्याच्यापाशी वस्तुस्थितीचे उत्तर आहे, पण कायद्याला मान्य होईल असे उत्तर नाही.

मालकाचा शोध

प्रथम मालकाचा प्रश्न घेऊ. उसाचे पीक इतर पिकांसारखे नाही. तोडलेला ऊस जितका वेळ पडून राहील, तितकी त्यातील साखर घटत जाते. म्हणून कोणत्या गावचा, कोणत्या शेतकऱ्याचा ऊस कोणत्या दिवशी तुटावा, हे शेतकरी ठरवत नाही. कारखान्याचे शेतकी खाते ठरवते. लागणीची नोंद कारखान्याच्या दप्तरी असते. तोडणीचा कार्यक्रम कारखाना आखतो, कोणती टोळी कोणत्या फडात जाईल हे कारखान्याचा माणूस सांगतो, वजन कारखान्याच्या काट्यावर होते आणि मजुरीचा हिशेब त्या वजनावरून निघतो. गव्हाणीत ऊस अखंड पडत राहावा म्हणून मजुराला पहाटे अंधारात उठावे लागते आणि गाडी रात्री आली तर रात्री भरावी लागते. एखाद्या माणसाच्या दिवसाचा प्रत्येक प्रहर ज्याच्या सोयीने ठरतो, त्यास सामान्य व्यवहारात मालक म्हणतात.

तथापि कागद निराळेच सांगतो. कारखाना तोडणी-वाहतुकीचा करार करतो तो वाहनमालकाशी. वाहनमालक मुकादमाला उचल देतो. मुकादम गावोगाव हिंडून कोयते जमवतो. मजुरीचा पैसाही याच वाटेने खाली झिरपत येतो. भरीस भर म्हणून तोडणी-वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याच्या ऊसबिलातून कापला जातो. त्यामुळे मजूर खरे पाहता शेतकऱ्याचे काम करतो, कारखाना केवळ मध्यस्थाचे काम पाहतो, असे म्हणण्याची सोय होते. मजुराने अपघाताची भरपाई मागितली की शेतकरी कारखान्याकडे बोट दाखवतो, कारखाना वाहनमालकाकडे, वाहनमालक मुकादमाकडे. आणि मुकादम हा बहुधा मजुराच्याच गावचा, क्वचित त्याच्याच भावकीतला, स्वतः कर्जात बुडालेला माणूस असतो. अशा रीतीने चार धनी असलेला मजूर अखेर निर्धनी ठरतो.

या युक्तिवादाला न्यायालयीन उत्तर फार पूर्वीच मिळालेले आहे. १९७८ साली केरळातील कोझिकोड येथील दोर वळण्याच्या एका कारखान्यातील मजुरांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. हे मजूर कंत्राटदाराचे, आमचे नव्हेत, असे कारखानदाराचे म्हणणे होते. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी ते फेटाळून लावले. ज्यांच्या श्रमातून एखाद्याचा धंदा चालतो आणि ज्यांची उपजीविका सर्वस्वी त्या धंद्यावर अवलंबून असते, त्यांचा खरा मालक तो धंदेवाला होय. मध्ये कंत्राटदारांचे किती पडदे लावले आहेत हे गौण आहे, असा त्या निकालाचा मथितार्थ आहे. दोर वळणाऱ्यांना जो न्याय लागू होतो तो ऊस तोडणाऱ्यांना का लागू होऊ नये, याचे समाधानकारक उत्तर साखरधंद्यातील कोणी दिलेले नाही.

सीमेचे कोडे

आता स्थलांतराचा प्रश्न. १९७९चा कायदा झाला तो मुख्यतः ओरिसातील दादन मजुरांची दुर्दशा चव्हाट्यावर आल्यामुळे. दूरच्या राज्यात नेऊन सोडलेल्या त्या मजुरांना ना ठरलेली मजुरी मिळे, ना परतीचे भाडे. त्यांच्यासाठी ओरिसाने १९७५ साली स्वतःचा कायदा केला. पुढे केंद्राने तोच विचार देशपातळीवर नेला. २ ऑक्टोबर १९८० पासून अमलात आलेल्या त्या केंद्रीय कायद्यातील तरतुदी आजही वाचण्यासारख्या आहेत. पाच किंवा अधिक आंतरराज्य मजूर ठेवणाऱ्या आस्थापनेला तो लागू होता. कंत्राटदाराला परवाना बंधनकारक होता. मजुराला छायाचित्रासह नोंदपुस्तिका द्यायची होती. विस्थापनाबद्दल निम्म्या महिन्याची मजुरी किंवा ७५ रुपये, यांपैकी जी रक्कम मोठी असेल ती, परत न मागण्याच्या बोलीवर द्यायची होती. जाण्यायेण्याचा प्रवासखर्च, निवारा, विनामूल्य औषधोपचार यांचीही तरतूद होती. आपल्या मजुरांची परराज्यात काय अवस्था आहे हे पाहण्यासाठी, त्या राज्याच्या संमतीने, तेथे अधिकारी पाठवण्याची मुभाही मूळ राज्याला होती.

कायदा चांगला होता. पण तो सीमेच्या नाक्यावर उभा होता. वडवणीचा मजूर बेळगावला गेला तर तो स्थलांतरित. तोच मजूर अलीकडे कोल्हापुरात राहिला तर कायद्याच्या लेखी तो घरीच बसलेला! घरापासूनचे अंतर तेच, पाचटाची कोपी तीच, पोरांची बुडालेली शाळा तीच. फरक एवढाच की मध्ये राज्याची रेषा आली नाही. ऊसतोडणी मजुरांपैकी फार मोठा वर्ग राज्याच्या आतच जिल्हा बदलतो. त्यांच्यासाठी १९७९चा कायदा नसल्यातच जमा होता. व्यावसायिक सुरक्षितता, आरोग्य आणि कामाच्या स्थितीविषयीच्या नव्या संहितेनेही 'आंतरराज्य' हा शब्द सोडलेला नाही.

संहितेत काही सुधारणा निश्चित आहेत आणि त्या मान्य केल्या पाहिजेत. कंत्राटदारामार्फत न जाता स्वतःहून परराज्यात गेलेल्या मजुरालाही आता स्थलांतरित मानले जाते. मात्र त्याची मजुरी दरमहा १८,००० रुपयांहून अधिक असता कामा नये. स्वस्त धान्याचा लाभ मूळ राज्यात घ्यावा की कामाच्या राज्यात, याची निवड त्याला करता येते. परंतु दुसऱ्या हाताने बरेच काढूनही घेतले आहे. विस्थापनभत्ता गेला. पाच मजुरांची मर्यादा दहावर गेली. प्रवासखर्च राहिला, पण तो किती दिवसांच्या नोकरीनंतर मिळावा हे नियमांवर सोपवले. चार-पाच महिन्यांच्या हंगामावर जगणाऱ्या मजुराचे भवितव्य त्या एका आकड्यावर टांगलेले राहील. सर्वांत गंभीर बाब म्हणजे कंत्राटी मजुरांविषयीच्या तरतुदी लागू होण्यासाठी पूर्वी २० मजुरांची जी अट होती, ती ५० झाली आहे. मुकादमाची टोळी साधारणतः दहा-वीस कोयत्यांची असते. म्हणजे परवाना घेण्याची वेळ येऊ नये अशाच बेताने जणू ही रेघ आखली गेली आहे.

उचलीचे गणित

तिसरी गोष्ट उचलीची. उचल म्हणजे हंगामापूर्वी घेतलेली आगाऊ मजुरी. कोणाच्या घरी लग्न, कोणाचे आजारपण, कोणाची विहीर आटलेली. पावसाळ्याच्या तोंडाशी पैशाची गरज पडते आणि तेव्हा बँक दारात उभी करत नाही. मुकादम करतो. 'मजूर राजीखुशीने उचल घेतो, मग तक्रार कसली?' असा प्रश्न नेहमी विचारला जातो. त्याचे उत्तर साध्या अंकगणितात आहे. जानेवारी २०२४ मध्ये झालेल्या करारानुसार तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ होऊन तो टनाला सुमारे ३६६ रुपये झाला. एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायको मिळून दोघांनी, एक लाख रुपये उचल घेतली असेल, तर ती फेडण्यास २७३ टन ऊस तोडावा लागतो. दिवसाला दोन टन तुटला आणि एकही दिवस चुकला नाही, असे धरले तरी याला १३७ दिवस, म्हणजे साडेचार महिने लागतात. ऊस कमी असला की गळीत हंगाम त्याआधीच आटोपतो. पट्टा पडतो, धुराडे थंड होते आणि मजुराच्या नावावर बाकी उरते. ती बाकी पुढील वर्षाच्या उचलीत मिळवली जाते. ज्या करारातून बाहेर पडण्याचा दिवसच उजाडत नाही, त्याला राजीखुशीचा करार म्हणणे ही भाषेची थट्टा होय.

दक्षिण गुजरातेत या बंधनाला खावटीची जोड आहे. हंगामात पोटापुरते धान्य व थोडी रक्कम द्यायची आणि मजुरीचा हिशेब हंगाम संपल्यावर, उचल व खावटी व्याजासह कापून करायचा, अशी तेथील पद्धत. यान ब्रेमन या डच समाजशास्त्रज्ञाने बारडोली परिसरातील सहकारी कारखान्यांच्या तोडणी मजुरांचा अभ्यास १९७०च्या दशकात करून ही रचना जगापुढे मांडली. ज्या बारडोलीच्या नावाशी १९२८चा शेतकऱ्यांचा सत्याग्रह निगडित आहे, त्याच बारडोलीत मजुराला आपल्या घामाचा दाम सहा महिने पाहता येऊ नये, यातील विसंगती सांगण्याची गरज नाही.

वेठबिगारी नष्ट करणारा कायदा १९७६ पासून या देशात आहे आणि तो अजूनही अमलात आहे. उचलीच्या मोबदल्यात मजुराचे दुसरीकडे जाण्याचे किंवा बाजारभावाने मजुरी घेण्याचे स्वातंत्र्य हिरावले गेले तर ती वेठबिगारीच होय, असे तो कायदा म्हणतो. १९८२ साली एशियाड खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आणखी पुढे जाऊन सांगितले की, किमान वेतनाहून कमी मजुरीवर केलेले काम हे संविधानाच्या २३व्या अनुच्छेदातील सक्तीचे श्रम ठरते. कारण भुकेची सक्ती हीदेखील सक्तीच आहे. १९७९च्या कायद्यात नोकरीच्या काळात मालक वा कंत्राटदाराकडून घेतलेले कर्ज नोकरी संपताच आपोआप संपुष्टात येईल, असे कलम होते आणि नव्या संहितेतही ते टिकले आहे. पण उचल घेतली जाते ती नोकरीपूर्वी, आणि सीमेच्या आतील मजुराला हे कलम मुळातच लागू नाही. कायदा करणाऱ्यांना रोगाचे नाव ठाऊक होते. औषध मात्र शेजारच्या घरी पोचते झाले.

अर्धा कोयता

या साऱ्या व्यवहारात सर्वांत अदृश्य आहे ती स्त्री. कोयता म्हणजे जोडपे; परंतु उचल पुरुषाच्या नावावर, अंगठा पुरुषाचा आणि हिशेबही पुरुषाशी. ऊस तोडणे, मोळ्या बांधणे, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून ट्रकमध्ये चढवणे, आणि त्याआधी-त्यानंतर चूल, पाणी, लेकरे, हे सारे करणाऱ्या स्त्रीची मजूर म्हणून स्वतंत्र नोंद कोठेही नसते. समान कामाला समान वेतन हे तत्त्व १९७६ पासून कायद्याने मान्य झाले असले, तरी जिला वेतनच स्वतःच्या नावाने मिळत नाही तिच्या समानतेचा हिशेब कोण करणार?

एक दिवस काम चुकले की 'खाडा' पडतो आणि त्याचे पैसे कापले जातात. मासिक पाळीचा त्रास, गर्भारपण, अंगावरचे दुखणे हे सारे मग खाड्याच्या भीतीने दाबले जाते. बीड जिल्ह्यात २०१९ साली झालेल्या पाहणीने या भीतीची किंमत महाराष्ट्रापुढे ठेवली. ८२ हजारांहून अधिक ऊसतोडणी स्त्रियांची विचारपूस झाली, आणि त्यांतील १३ हजारांहून अधिक जणींची गर्भाशये काढलेली आढळली. तेव्हा विधिमंडळात प्रश्न विचारले गेले, समिती नेमली गेली, खासगी रुग्णालयांवर बंधने आली. हे आवश्यकच होते. मात्र शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांची जेवढी चर्चा झाली, तेवढी खाड्याची झाली नाही. रजा मागण्याचा हक्क जिला नाही, तिला शरीराचा अवयव हाच अडथळा वाटू लागला तर तो दोष तिच्या अज्ञानाचा नाही. तिच्या कामाच्या शर्तींचा आहे.

घरचेच औषध

यावर उपाय नाही असे नाही. आणि तो शोधण्यास परदेशी जाण्याचीही गरज नाही. मुंबईच्या बाजारपेठांतील माथाडी कामगारांची अवस्था एके काळी अशीच होती. आज या गाळ्यावर, उद्या त्या गाळ्यावर ओझी उचलणाऱ्या हमालाचा मालक कोण, हा प्रश्न तेव्हाही अनुत्तरित होता. अण्णासाहेब पाटील यांच्या नेतृत्वाखालील लढ्यातून १९६९चा माथाडी कायदा झाला. त्याने एका मालकाचा शोध घेण्याचा नाद सोडून दिला. मजूर आणि सर्व मालक या दोघांचीही नोंदणी एका मंडळाकडे करायची. मालकांनी मजुरी आणि तिच्यावर ठरावीक आकार मंडळात भरायचा. मंडळाने मजुराला पगार, भविष्यनिर्वाह निधी, उपदान, औषधोपचार द्यायचे, अशी ती रचना आहे. मालक बदलला तरी हक्क बदलत नाही, हे तिचे सार. ऊसतोडीला यापेक्षा जवळची वाट दुसरी कोणती असू शकेल?

राज्य सरकारने या दिशेने एक पाऊल टाकलेले आहे. २०१९ साली गोपीनाथ मुंडे यांच्या नावाने ऊसतोड कामगार कल्याण महामंडळ स्थापन झाले. पुढे गाळपाच्या प्रत्येक टनामागे १० रुपये कारखान्यांनी आणि तितकेच सरकारने द्यावेत, असे ठरले. मजुरांच्या मुलांसाठी वसतिगृहांची योजनाही निघाली. परंतु कल्याण आणि हक्क यांत अंतर आहे. कल्याण हे देणाऱ्याच्या मर्जीवर आणि अंदाजपत्रकावर चालते. हक्क बजावून घेता येतो. या महामंडळाला माथाडी मंडळाचे अधिकार मिळाले पाहिजेत. प्रत्येक मजुराची, आणि स्त्रीची स्वतंत्र, नोंद. उचलीची रक्कम मंडळामार्फत आणि लेखी. मजुरी दर पंधरवड्याला थेट ज्याच्या-तिच्या खात्यात. आणि हंगामअखेर उरलेली बाकी कायद्याने संपुष्टात, एवढ्या चार गोष्टी त्याने केल्या तरी या धंद्याचे रूप पालटेल.

अंमलबजावणीचे हत्यारही तयार आहे. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार शेतकऱ्याला उसाचे पैसे १४ दिवसांत द्यावे लागतात. न दिल्यास वर्षाला १५ टक्के व्याज पडते. ही थकबाकी असणाऱ्या कारखान्याचा गाळप परवाना पुण्याचे साखर आयुक्त अडवून धरू शकतात, आणि हा बडगा दिसला की थकलेले पैसे निघतात, असा अनुभव आहे. ऊस पिकवणाऱ्याला जे संरक्षण मिळते ते ऊस तोडणाऱ्याला देण्यात कोणती तात्त्विक अडचण आहे? मजुरांची नोंदणी, विमा आणि मजुरीचा चुकता हिशेब दाखवल्याशिवाय पुढील हंगामाचा परवाना नाही, एवढी एकच अट घातली तर कारखान्यांना आपले मजूर कोण हे शोधण्यास फार दिवस लागणार नाहीत.

राहता राहिला सीमेचा प्रश्न. महाराष्ट्राचे मंडळ बेळगावला वा बारडोलीला पोचणार कसे? येथे शिधापत्रिकेचा दाखला उपयोगी पडावा. एका गावची शिधापत्रिका दुसऱ्या राज्यात चालणे ही गोष्ट काही वर्षांपूर्वी अशक्य मानली जात होती. २०२२ पर्यंत ती देशभर लागू झाली. धान्याचा हक्क जर माणसाबरोबर प्रवास करू शकतो, तर मजुरीचा आणि औषधपाण्याचा हक्क का करू शकणार नाही? तिन्ही राज्यांनी परस्पर करार करून एकच नोंदपुस्तिका मान्य करावी, दर टनाचा आकार समान ठेवावा आणि मूळ जिल्ह्याच्या कामगार अधिकाऱ्याला फडावर जाऊन चौकशी करण्याची मुभा द्यावी. एका राज्याने आकार लावला आणि दुसऱ्याने लावला नाही, तर कारखानदार स्पर्धेचे रडगाणे गातील; तिघांनी एकत्र लावला तर ती सबब उरणार नाही.

किंमत कोणी द्यायची?

सहकारी कारखाने आधीच कर्जबाजारी आहेत, हा भार ते पेलणार कसे, असा आक्षेप येईल. तो पोकळ नाही. अनेक कारखाने खरोखरच अडचणीत आहेत. त्यांचे सभासद छोटे शेतकरी आहेत. तेव्हा आकडेच पाहावेत. एक टन उसातून, दहा टक्के उतारा धरल्यास, शंभर किलो साखर निघते. टनामागे १० रुपये म्हणजे साखरेच्या किलोमागे १० पैसे. हा आकार दुप्पट, तिप्पट, अगदी दसपट केला तरी तो किलोमागे एक रुपया होतो. महाराष्ट्रात चांगल्या हंगामात दहा कोटी टनांहून अधिक ऊस गाळला जातो. १० रुपयांच्या आकारातून १०० कोटी उभे राहतात, १०० रुपयांच्या आकारातून एक हजार कोटी. शहरातील चहाच्या कपाला याची झळ जाणवणारही नाही. हा भार शेतकऱ्याच्या बिलातून न कापता साखरेच्या दरातून वसूल करण्याची दक्षता मात्र घेतली पाहिजे. अन्यथा एका गरिबाचे दुसऱ्या गरिबाशी भांडण लावून दिल्यासारखे होईल.

दुसरा आक्षेप यंत्रांचा. मजूर महाग झाला तर ऊसतोडणी यंत्रे येतील आणि आहे तेही काम जाईल, अशी भीती घातली जाते. यंत्रे येतच आहेत आणि त्यांच्यासाठी सरकारी अनुदानही आहे. उचल बुडवून मजूर पळतात, एकाच मजुराकडून दोघा मुकादमांची फसवणूक होते, वाहनमालक देशोधडीला लागतात, अशी कारखान्यांची आणि वाहनमालकांची तक्रार असते. यंत्रांचा आग्रह त्यातूनही वाढला आहे. ही तक्रार खोटी नाही. परंतु नोंद नसलेला, लेखी नसलेला व्यवहारच अशा फसवणुकीला जन्म देतो. उचल मंडळामार्फत गेली तर मुकादमाचे पैसे बुडणार नाहीत आणि मजुराला डांबून ठेवण्याचे प्रकारही घडणार नाहीत. यंत्र उद्या येणारच असेल, तर त्यापूर्वी मजुराची नोंद होणे अधिकच निकडीचे आहे. कारण ज्याची नोंदच नाही, त्याला काम गेल्याची भरपाई तरी कोणत्या कागदाच्या आधारे मिळणार?

प्रवरेच्या काठी १९५० साली पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, तेव्हा विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्यापुढे शेतकऱ्याला सावकाराच्या आणि व्यापाऱ्याच्या पाशातून सोडवण्याचे ध्येय होते. ते बऱ्याच अंशी साध्य झाले आणि त्याचा महाराष्ट्राला सार्थ अभिमान आहे. परंतु त्या सहकाराच्या कुंपणालगतच्या पाचटाच्या कोपीत जे कुटुंब हंगाम काढते, त्याच्या गळ्यात तोच पाश उचलीच्या नावाने पडलेला आहे. ऊस पिकवणारा सभासद झाला, गाळणारा कामगार वेतन मंडळाच्या कक्षेत आला. तोडणारा मात्र दोन्ही याद्यांच्या बाहेर राहिला.

नव्या संहितांच्या अंमलाबरोबर राज्याराज्यांत नियमांची जुळवाजुळव करावी लागणार आहे. स्थलांतरित म्हणजे राज्य बदलणारा नव्हे, तर पोटासाठी घर सोडून हंगामभर दुसरीकडे राहणारा, असा अर्थ आपल्या राज्यापुरता स्वीकारण्यास महाराष्ट्राला कोणाची आडकाठी नाही. माथाडी कायदा करताना त्याने दिल्लीची वाट पाहिली नव्हती. दुष्काळातून रोजगार हमीचा कायदा उभा करतानाही पाहिली नव्हती. ऊसतोडणी मजुराच्या बाबतीतच ती वाट का पाहिली जावी, याचा जाब पुढील गळीत हंगामाचे परवाने निघण्यापूर्वी सरकारला विचारला गेला पाहिजे.